गेल्या वर्षीच्या डोळ्यांची यादी

मोफत मोतीबिंदू शिबिरं भरवणारी सगळी मंडळं, पतसंस्था, ट्रस्ट आणि वाढदिवसाला हारतुऱ्यांऐवजी शिबिर घेणारे आमचे नेते, यांना सप्रेम नमस्कार.

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. नंबर काढतो आणि काचा बसवतो. तुमच्यातल्या पुष्कळांच्या शिबिरांत पहिल्या टेबलावर मीच बसलेलो असतो. 'ई'च्या तक्त्यावर काडी ठेवून, तोंड कुठल्या बाजूला आहे ते हातानं दाखवा म्हणून आज्यांच्या मागे लागणारा तो माणूस मी. तेव्हा हे पत्र बाहेरून टीका करणाऱ्याचं नाही. तुमची भजी आणि चहा मीही घेतलेला आहे, फ्लेक्सवर कोपऱ्यात माझा फोटोही एकदा आलेला आहे.

आधी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात काय होतं ते सांगतो.

सकाळी अकराच्या सुमाराला एखादा म्हातारा किंवा म्हातारी येते. सोबत नातू, नाहीतर गावचाच कोणी. बसल्याबसल्या पहिलं वाक्य ठरलेलं: "शिबिरात डोळ्याचं आपरेशन केलंय. केल्यावर झाक दिसत हुतं. आता पुन्हा मोत्या आलाय. चष्म्याचा नंबर वाढवून द्या." कधी केलं ऑपरेशन? "गेल्याच्या गेल्या दिवाळीला." कुठं? एखाद्या पुढाऱ्याचं नाव. डॉक्टर कोण होते? माहीत नाही. कागद? "कागद हुता, पावसात भिजला." मग मी बॅटरी घेऊन डोळ्यात बघतो. बाहुली काळी आहे, भिंग चमकतंय, लाली नाही, टाका बोचत नाही. बाहेरून डोळा झकास. आणि तक्त्यावर मात्र वरच्या दोन ओळींच्या खाली गाडी जात नाही.

ही माणसं तक्रार करत नाहीत, हे तुमच्या ध्यानात आलंय का? मला ते कळायला फार वर्षं लागली. विकत ऑपरेशन केलेला माणूस अंधूक दिसायला लागलं की आठवड्याभरात डॉक्टरच्या दारात उभा राहतो, आवाजही चढवतो. शिबिरातला माणूस गप्प बसतो. एका बाईंना मी विचारलं, मावशी, दीड वर्ष दिसत नव्हतं तर ज्यांनी शिबिर घेतलं त्यांना का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "धर्माची गाय, दात कशाला मोजायचं? फुकट नेलं, जेवाय घातलं, घरी आणून सोडलं. आता अजून काय सांगायचं त्यास्नी?" म्हणजे उपकारच आड येतो. तुमच्या कानावर काही येत नाही याचा अर्थ सगळे बघतायत असा तुम्ही काढता. बरं, दुसरं कारणही आहे. म्हातारपणी दिसायचं कमी होणारच, असं घरातल्यांनी आणि त्या माणसानं स्वतःही धरून ठेवलेलं असतं.

आता माझं स्वतःचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पैसे भरून, चांगल्या ठिकाणी. दुसऱ्या दिवसापासून तक्त्याची शेवटची ओळ. माझ्याच दुकानातल्या पांढऱ्या भिंतीला मी इतकी वर्षं पिवळट समजत होतो हे तेव्हा कळलं. वर्ष-सव्वा वर्ष मजेत गेलं. मग हळूहळू मी चष्मा पुसायला लागलो. फडक्यानं, मग साबणाच्या पाण्यानं, मग काचच बदलली. दुसऱ्याच्या काचेवरचा ओरखडा हातभरावरून ओळखणारा माणूस मी, आणि दोन महिने स्वतःचा चष्मा घासत बसलो! रात्री समोरून एसटी आली की दिव्यांना मिशा फुटायच्या. वर्तमानपत्र धुक्यातून वाचल्यासारखं. बायकोला वाटलं शुगर वाढली. मलाही मनातून तीच भीती.

तपासायला गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, यंत्रासमोर हनुवटी टेकवली आणि डॉक्टर अर्ध्या मिनिटात म्हणाले, "मागच्या पडद्यावर जाळं आलंय. लेझर करून टाकू." त्याच दिवशी केलं. सुई नाही, टाका नाही, पट्टी नाही. टक टक असा बारीक आवाज, पाच-सात मिनिटं. मग थोडा वेळ बसवून डोळ्याचा दाब तपासला. चार दिवस डोळ्यापुढे चिलटं उडाल्यासारखी दिसली, ती पुढं विरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोरच्या लिंबाचं पान न् पान वेगळं दिसलं.

त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या आधी मला आठवली ती एक म्हातारी. ती काय भानगड, ते पुढं सांगतो.

हे जाळं म्हणजे काय, ते तुमच्या स्वयंसेवकांनी एकदा नीट समजून घ्यावं म्हणून माझ्या भाषेत लिहितो. आपलं मूळ भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. मोतीबिंदू म्हणजे पिशवीतला तो माल गढूळ होणं. सर्जन पिशवीला पुढून गोल तोंड पाडतो, गढूळ झालेलं भिंग काढतो आणि त्याच पिशवीत नवं भिंग ठेवतो. पिशवीची मागची बाजू मुद्दाम शाबूत ठेवलेली असते, कारण भिंगाला तिचाच आधार असतो. ही मागची बाजू, डॉक्टर म्हणाले तो 'मागचा पडदा', म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ पापुद्रा. सर्जननं पिशवी कितीही स्वच्छ केली तरी कडेला मूळ भिंगाच्या काही पेशी चिकटून राहतात. काही डोळ्यांत त्या महिन्यांनी, काहींत वर्षांनी वाढायला लागतात आणि त्या पापुद्र्यावर सरपटत मध्यापर्यंत येतात. झालं, काचेवर वाफ धरावी तसं दिसायला लागतं. यात बहुतेक वेळा सर्जनची चूक नसते, भिंगाचीही नसते. आणि मोतीबिंदू परत आलेला नसतो. येणारच नाही, कारण पिकायला तिथं मूळ भिंगच उरलेलं नाही. यॅग लेझर त्या पापुद्र्याला बरोबर मध्ये एक खिडकी पाडतो, की उजेड सरळ आत. हा इलाज १९८०च्या दशकापासून जगभर चालू आहे, काल-परवाचा नाही.

(एका आजोबांनी मला विचारलं होतं, "आत बसवलेलं प्लॅस्टिक कुजलं असंल काय?" प्रश्न मला आवडला. नाही कुजत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्यानं ते मुकाट सहन केले. हे बघूनच हॅरल्ड रिडली या इंग्रज सर्जननं १९४९ साली लंडनमध्ये माणसाच्या डोळ्यात पहिलं भिंग बसवलं. आजोबांना मी म्हणालो, तुमच्या-माझ्यापेक्षा ते भिंग जास्त टिकेल.)

आता ती म्हातारी. वाडीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. एका शिबिरात तिचे दोन्ही डोळे झालेले, सहा महिन्यांच्या अंतरानं. पुढं कधीतरी नातवाला घेऊन माझ्याकडं आली, अंधूक दिसतं म्हणाली. मी काचा फिरवल्या. प्रत्येक काचेला ती "जरा बरं वाटतंय" म्हणायची. आता कळतं की ते माझं मन राखायला. मी नंबर वाढवून चष्मा दिला, पैसे घेतले. सात-आठ महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला नातू एकटाच बाजारात दिसला. विचारलं तर म्हणाला, "म्हातारी आता येत न्हाई. तिला दिसत न्हाई. घरीच असती."

त्या दोन खेपांत मी एक अगदी साधी गोष्ट केली नव्हती. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून तक्ता वाचायला लावायचा. भोकातून चांगलं दिसलं तर बहुतेक वेळा चष्म्याचं काम. भोकातूनही अंधूकच राहिलं तर दोष पापुद्र्यावर, आतल्या पडद्यावर (रेटिना म्हणतात तो) नाहीतर नसेत, आणि माझ्या दुकानाचं काम संपलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवायचं. परीक्षा ढोबळ आहे, पण फुकट आहे. घाई होती, बाजाराची गर्दी होती, वगैरे कारणं माझ्याकडं आहेत. ती कारणं तिच्या काय कामाची?

माझा लेझर झाल्यावर पंधरा दिवसांनी मी तिला घेऊन मिरजेला गेलो. आमच्याकडे दवाखाना म्हटलं की आजही मिरजच. दोन्ही डोळ्यांत जाळं निघालं. डॉक्टरांनी आतला पडदा बघून घेतला, तो ठीक होता, मग लेझर केलं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. दुकानांच्या पाट्यांवरची चित्रं बघत होती. वाचता येत नाही तिला. बराच वेळानं माझ्याकडं वळून म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?"

या प्रश्नाला मला काही उत्तर सुचलं नाही. म्हणून तुम्हाला पत्र लिहितो आहे.

शिबिरानंतर तुम्ही आकडा छापता. यंदा अमुक शस्त्रक्रिया, आजवर तमुक हजार. मान्य आहे, त्या आकड्यामागे खरी मेहनत असते. गावोगाव गाडी फिरवणं, शुगर-बीपी तपासणं, भिणाऱ्या माणसाला राजी करणं, हे सोपं नाही. पण ऑपरेशन मोजलं म्हणजे दिसणं मोजलं असं होत नाही, आणि हे आता मी एकटा म्हणत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेत देशांनी मिळून २०३० पर्यंतचं जे उद्दिष्ट मान्य केलं, त्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनांपुढं 'परिणामकारक' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर माणसाला खरोखर नीट दिसतं, तेव्हाच ते या हिशेबात धरायचं. आपल्या देशाचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६चा. २०१७ साली त्याच्या नावात 'दृष्टिक्षीणता' हा शब्दही आला, म्हणजे पूर्ण आंधळ्याबरोबर अंधूक दिसणाराही आला. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाची कारणं शोधली, तेव्हा ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे निघालं, यात नवल नाही. पण त्याच तक्त्यात पुढं ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे, अशी नोंद आहे. काचबिंदूपेक्षा हा आकडा जास्त आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा चष्मा काढून पुन्हा वाचला.

सगळ्याच अंधूक दिसण्याला जाळं जबाबदार असतं असंही नाही, आणि इथंच तुमच्या हातून अजून एक चूक होते. घरी सोडताना सगळ्यांना एकाच नंबरचे चष्मे गठ्ठ्यातून वाटले जातात. ऑपरेशनच्या छेदामुळे बुबुळाचा आकार थोडा बदलतो, तो स्थिर व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. नंबर तेव्हा काढायचा आणि ज्याचा त्याचा काढायचा. साध्या भिंगानं लांबचं दिसतं, जवळच्याला चष्मा लागतोच, हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून तांदळातला खडा दिसेना झाला की ऑपरेशन फसलं म्हणून माणूस मोकळा होतो. मधुमेह असलेल्याचा आतला पडदा सुजतो, तेही कधी कधी महिना-दीड महिन्यानं, जेव्हा तुमची शेवटची तपासणी उरकलेली असते. आणि पहिल्या काही दिवसांत डोळा दुखून लाल झाला, दिसायचं झपाट्यानं कमी झालं, तर तिथं उद्याची वाट बघायची नसते. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीनं डॉक्टर गाठायचा. तसंच अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं किंवा कडेनं काळा पडदा सरकत आला तर. या दोन गोष्टी मोठ्या आवाजात, माइकवरून, सोडायच्या दिवशी सांगा. भाषण पाच मिनिटं कमी करा हवं तर.

माझं मागणं फार नाही. पुढच्या शिबिराचा पहिला दिवस नव्या माणसांसाठी ठेवू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांची ऑपरेशनं तुम्ही करवून आणलीत, त्यांना बोलवा. याद्या तुमच्याकडे आहेत, अनुदानाच्या आणि अहवालाच्या निमित्तानं तुम्ही त्या जपून ठेवता हे मला माहीत आहे. आशाताईंना सांगा, त्यांना घर न् घर ठाऊक असतं. तक्ता टांगा, पुठ्ठ्याला भोक पाडा, दोन तासांत कळेल कोणाला चष्मा हवा, कोणाला डॉक्टर. ज्यांना लेझर लागेल असं वाटतं त्यांची एक गाडी करा. ऑपरेशनला न्यायला गाडी असते, फुलांनी सजवलेली सुद्धा. लेझरला न्यायला मात्र कुणी नसतं. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा अडतं ते तिकिटावर नाही. अडतं सोबतीवर. मुलगा रोजंदारीवर असतो, त्याचा खाडा होतो, आणि म्हातारी म्हणते राहू दे. गाडीत चौदा माणसं एकत्र गेली तर सोबतीला एक पोरगा पुरतो.

दुसरं म्हणजे कागद. एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन, कुठल्या तारखेला, भिंगाची पॉवर किती, दवाखाना कुठला, फोन कोणता. आणि खाली मोठ्या अक्षरात: 'पुढं कधीही अंधूक दिसलं तर हा मोतीबिंदू नाही. जाळं असू शकतं. लेझरनं निघतं. डॉक्टरला दाखवा.' वाचता न येणाऱ्यासाठी नातू वाचेल. माझ्याकडं असा कागद घेऊन आजवर किती जण आले म्हणता? बोटांवर मोजण्याइतके.

तुमच्यातले एक जण मागं मला म्हणाले होते, "आम्ही तारखा देतो, लोकच येत नाहीत." खरं आहे, येत नाहीत. पण ऑपरेशनच्या आधीही ती येत नव्हती, तेव्हा तुम्ही वाडीवर गाडी पाठवलीत. दुसरे एक स्पष्टवक्ते होते. म्हणाले, "जुन्या माणसांना बोलावलं आणि दहा जणांनी दिसत नाही म्हणून सांगितलं, तर पेपरात काय येईल?" त्यांची भीती मी समजू शकतो. पण ते दहा जण आत्ताही आहेतच. ते माझ्या दुकानात येतात आणि मी एकटाच त्यांना ऐकतो. शिवाय जाळं ही कुणाची बदनामी नाही, ते पैसे भरणाऱ्यालाही येतं. मला आलं. पाहिजे तर माइकवर मी सांगतो.

आणि आमच्या धंद्यातल्या भावंडांनाही जाताजाता: ऑपरेशन झालेल्या डोळ्याला दुसऱ्यांदा नंबर वाढवून देण्याआधी एकदा भोकाचा पुठ्ठा धरा. एक चष्मा कमी खपेल.

येत्या दोन महिन्यांत तुमच्यापैकी तिघांची शिबिरं आहेत, फ्लेक्स आत्ताच लागलेत. त्या तिन्ही ठिकाणी आदल्या दिवशी मी तक्ता, बॅटरी आणि चष्म्याच्या काचांची पेटी घेऊन येतो, पैसे घेणार नाही. शाळेची एक खोली, दोन खुर्च्या आणि वीस फूट मोकळी जागा लागेल. याद्या तेवढ्या आठवडाभर आधी पाठवा. मोबाइल नंबर नसले तरी चालतील, गावापुढं वाडीचं नाव मात्र लिहा. आमच्याकडं एका गावाला सात वाड्या असतात.

आपला,
बाजारपेठेतला चष्मेवाला